पत्रिकेत माझ्या नावाखाली काय छापायचं ते तरी सांगा

प्रति,
एचआर प्रमुख आणि कॅम्पस हायरिंग टीम

सर, मॅडम, नमस्कार.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. एकतर माझ्यासारखी जी पोरं-पोरी अजून तुमच्या मेलची वाट बघत बसलीत त्यांचं माझ्या पत्रामुळे काही बिघडायला नको, आणि दुसरं म्हणजे हे वाचून बऱ्याच जणांना आपापली कंपनी आठवणार आहे, त्यामुळे नाव नसलं तरी चालतंय. तुमच्या पोर्टलवर मी एक कँडिडेट आयडी आहे आणि त्या आयडीपुढे सोळा महिने झाले 'ऑनबोर्डिंग इन प्रोसेस' असं पिवळ्या अक्षरात दिसतंय. गेल्या आठवड्यात तुमचा चौथा मेल आला की बिझनेस रिक्वायरमेंटनुसार जॉइनिंग पुढे ढकलण्यात येत आहे, पुढची तारीख यथावकाश कळवू. पहिले तीन मेल मी गिळले. हा चौथा नाही गिळला जात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी तासगाव तालुक्यातली. पप्पांची अडीच एकर द्राक्षबाग आहे, घरात इंजिनिअर झालेली मी पहिलीच. ऑक्टोबर २०२३ ला सातव्या सेमिस्टरला असताना तुम्ही कॅम्पसला आलात, अॅप्टिट्यूड झाली, कोडिंग झालं, दोन इंटरव्ह्यू झाले आणि साडेतीन लाखाच्या वरचं पॅकेज असलेलं ऑफर लेटर आलं. पॅकेज मोठं नाही हे मलाही माहितीय, माझ्या मामेभावाला दहा-बारा वर्षांपूर्वी आयटीत फ्रेशर म्हणून जवळपास एवढंच होतं, तेव्हा पुण्यात खोली किती रुपयांना मिळायची ते त्यालाच विचारा. पण आमच्या घरात त्या लेटरची किंमत आकड्यात नव्हती. पप्पांनी त्याची कलर प्रिंट काढून आणली आणि बागेच्या औषधांच्या बिलांची जी फाइल आहे तिच्यात सगळ्यात वर लावली. ती फाइल ते रोज उघडतात.

द्राक्षवाल्या घरात सगळं दिवसांवर चालतं बघा. फळछाटणी झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचा आणि तिथून दिवस मोजत जायचं, कितव्या दिवशी डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, कितव्या दिवशी विरळणी, सव्वाशे-दीडशे दिवसांनी माल. पाऊस येतो, दावण्या रोग येतो, दर पडतो, सगळं होतं, पण दिवस मोजायचं कोणी सोडत नाही. तुम्ही पहिली तारीख दिली होती नोव्हेंबर २०२४. पप्पांनी त्याच कॅलेंडरवर तिलाही गोल केला. तुमच्या लेटरमध्ये तारखेच्या आधी 'टेंटेटिव्ह' असा एक शब्द होता, त्याचा अर्थ पप्पांनी मला विचारला तेव्हा मी म्हणाले असंच लिहायची पद्धत असते हो. चूक माझीच.

मग नोव्हेंबरचं झालं आर्थिक वर्षाची 'चौथी तिमाही', म्हणजे जानेवारी ते मार्च. त्याचं झालं जुलै २०२५. जुलैचं झालं डिसेंबर. आणि आता 'यथावकाश'.

याच्यामध्ये माझं लग्न अडकलंय. तुम्ही म्हणाल लग्नाचा आणि कंपनीचा काय संबंध, तर सांगते. माझं स्थळ जमलं २०२४ च्या दिवाळीनंतर, मुलगा चाकणला क्वालिटीत आहे, सासरे एसटीतून रिटायर झालेले, साधी माणसं आहेत, हुंड्याचा विषयसुद्धा निघाला नाही. बघायला आले तेव्हा मी स्वतः सांगितलं होतं की नोकरीला लागल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आणि ते हो म्हणाले. सुपारी फुटली, फेब्रुवारी २०२५ ला साखरपुडा झाला, लग्न मे मध्ये धरलं. आमचा हिशोब सोपा होता, त्याचं ऑफिस चाकणला, माझं हिंजवडीला, मध्ये वाकड-पुनावळ्याकडे वन बीएचके घ्यायचा तर भाडंच पंधरा-अठरा हजार, डिपॉझिट वेगळं, एका पगारात बसत नाही आणि दोन पगारात बसतं. म्हणून जॉइनिंग आधी, लग्न नंतर. जुलैचा मेल आला आणि मे ची तारीख मोडली. कार्यालयाचा अॅडव्हान्स गेला. गेल्या साली बेदाण्याला दर बरा होता, पप्पांच्या हातात पैसा होता, तेव्हा लग्न झालं असतं तर कुणाकडे हात पसरायला लागला नसता. मे २०२५ पासून जो पाऊस लागला त्याने काडीत घडच कमी निघाले, यंदाचा माल निम्म्यावर आलाय. पाऊस तुम्ही पाडला असं म्हणत नाहीये मी. पण आमचं चांगलं साल तुमच्या मेलमध्ये गेलं एवढं मात्र खरं.

दुसऱ्यांदा तारीख धरली तुळशीच्या लग्नानंतरची, डिसेंबर. नोव्हेंबरात आम्ही सांगलीला बस्ता बांधायला गेलो, दोन्हीकडची मिळून सतरा माणसं, दोन गाड्या. दुकानात खाली पांढऱ्या गादीवर बसलो होतो, समोर चाळीस-पन्नास साड्या उलगडून पडलेल्या, आत्ती म्हणतेय मोरपंखी घे, आई म्हणतेय शालूला लालच पाहिजे, आणि माझा फोन वाजला. मी सहज बघितला तर तुम्ही. तिसरा मेल, जॉइनिंग डिसेंबरला ढकलल्याचा. मी वाचला आणि फोन पालथा करून मांडीखाली ठेवला. दुकानातला माणूस साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होता, ताई हा बघा, ताई तो बघा, आणि मला एकाही साडीचा रंग दिसेना झाला. आईला माझ्या तोंडावरून कळलं. ती काही बोलली नाही, फक्त दुकानदाराला म्हणाली मानपानाच्या साड्या आज बांधा, शालूचं नंतर बघू. आजपण शालू घेतलेला नाही.

आता माझ्या तक्रारी. मुद्द्याने लिहिते, कारण तुमच्या हेल्पडेस्कवर मी मुद्देसूद नव्हते म्हणून तिकीट क्लोज झालं असं कोणी म्हणायला नको. (तिकीट तसंही क्लोजच झालं, चार वेळा, प्रत्येक वेळी 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून.)

पहिलं, कॉलेज. आमच्या कॉलेजात नियम होता की एका विद्यार्थ्याला एक ऑफर. तुमची ऑफर आली त्या दिवसापासून टीपीओ सरांनी, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंट बघतात त्यांनी, मला पुढच्या एकाही कंपनीला बसू दिलं नाही. त्यानंतर दोन कंपन्या आल्या, माझ्यापेक्षा कमी मार्कांची मैत्रीण त्यातल्या एकीत लागली, आज तिचं दीड वर्षाचं एक्स्पिरियन्स आहे आणि माझं शून्य. आता मी बाहेर अप्लाय करायला जावं तर फ्रेशर ड्राइव्ह फक्त चालू बॅचसाठी असतात, आणि एक्स्पिरियन्सवाल्या जागांना मी चालत नाही. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, २०२४ पासआउट, मग एवढे दिवस काय केलं? काय सांगू? तुमची वाट बघितली असं सांगितलं की समोरचा हसतो.

दुसरं, बाँड. जॉइनिंगच्या आधीच तुम्ही सर्व्हिस अॅग्रीमेंट मागून घेतलंत. शंभराचा स्टँप आता चालत नाही म्हणून पाचशेचा घेतला, नोटरीचे वेगळे दिले, जामीन म्हणून पप्पांची सही. दोन वर्षांच्या आत सोडलं तर दीड लाख. आता मला बाँडबद्दल मुळात तक्रार नाही, मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या दोन लाखांच्या बाँडला योग्य म्हटलंय हे मी वाचलंय, ट्रेनिंगवर खर्च होतो, मान्य. पण त्या बारा पानात मी उशीर केला तर काय, मी सोडलं तर काय, मी आजारी पडले तर काय, हे सगळं आहे, आणि तुम्ही उशीर केला तर काय याच्यावर अर्धी ओळ नाही. पप्पांनी सही करताना विचारलं होतं, आणि त्यांनीच नाही बोलावलं तर? नोटरीच्या ऑफिसातले सगळे हसले. मीपण हसले.

तिसरं, फुकटची ट्रेनिंग. 'जॉइनिंग रेडिनेस' म्हणून तीन महिने व्हिडिओ बघायला लावलेत, असाइनमेंट करायला लावल्यात, मग कॅमेरा चालू ठेवून टेस्ट, नापास झालं तर ऑफर रद्द. गावात लाइट जाते म्हणून मी ती टेस्ट तासगावात मैत्रिणीच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून दिली. पास झाले. पास झालेल्यांना प्राधान्य म्हणाला होतात. त्याला आता आठ महिने झाले.

चौथं, आणि हे मी सगळ्यात शेवटी लिहिणार होते पण राहवत नाही. ऑगस्टमध्ये तुमच्या टीममधल्या एका मॅडमचा फोन आला. गोड बोलत होत्या. चेन्नई लोकेशन मिळालं तर जाल का, म्हटलं हो. नाइट शिफ्ट चालेल का, म्हटलं हो. मग म्हणाल्या, आणि मॅरेजचा काही प्लॅन? मी दोन सेकंद गप्प झाले. खोटं बोलता आलं असतं, पण बोटात साखरपुड्याची अंगठी होती आणि फोनवर ती दिसत नसते हे त्या वेळी सुचलंच नाही, मी म्हटलं हो ठरलंय. त्या म्हणाल्या, ओके, नोट करते. काय नोट केलं मॅडम? आमचा जो टेलिग्राम ग्रुप आहे त्यावर मी त्याच रात्री विचारलं. फोन आलेल्या ज्या ज्या मुलींनी उत्तर दिलं त्या सगळ्यांना हा प्रश्न होता. पोरांपैकी एकालाही नव्हता. त्यातल्या एकाचं तर लग्न ठरलेलं होतं, त्याला फक्त लॅपटॉप स्वतःचा आहे का विचारलं. सप्टेंबरात त्याचं जॉइनिंग झालं. योगायोग असेल, असू शकतो. पण कोड ऑन वेजेस २०१९ या वेतनाच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात भरतीमध्ये बाई-पुरुष असा भेद करायचा नाही असं लिहिलंय, ते कलम तुमच्या लीगलवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. मला गंमत एवढीच वाटते की मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी नोकरीचं विचारलं आणि नोकरी देणाऱ्यांनी लग्नाचं विचारलं, आणि दोन्हीकडे मी खरं सांगितलं म्हणून दोन्हीकडे अडकले.

पाचवं थोडक्यात. शिक्षणाचं कर्ज. कोर्स संपल्यावर एक वर्ष बँक थांबते, ते वर्ष जून २०२५ ला संपलं, हप्ता साडेपाच हजाराच्या आसपास. तो सध्या पप्पा भरतात. मी गावातल्या क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवते, चार हजार मिळतात.

ग्रुपवरच्या बाकीच्यांचं मी काय सांगू. लातूरचा एक जण आहे, त्याची सुपारी फुटली होती, मुलीकडच्यांनी दोनदा फोन करून विचारलं जॉइनिंगचं काय झालं आणि तिसऱ्या वेळी फोनच केला नाही, ठरलेलं मोडलं. पोरांचं आमच्यापेक्षा अवघड आहे हे मी मान्य करते. डिसेंबर २०२२ ला सोलापुरात लग्न न जमणाऱ्या पोरांनी नवरदेव होऊन, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, आठवत असेल. तेव्हा आम्ही हॉस्टेलवर तो व्हिडिओ बघून हसलो होतो. आता नाही हसू येत. ज्या पोराच्या बापाकडे चार एकर आहे त्याला मुलगी मिळत नाही आणि ज्याच्याकडे तुमचं ऑफर लेटर आहे त्याला मिळते, एवढं वजन त्या कागदाला आमच्याकडे आहे, आणि तो कागद तुम्ही एका क्लिकवर शेकड्यांनी वाटता आणि मग विसरून जाता.

मंदी आहे, क्लायंट प्रोजेक्ट काढून घेतायत, एआय आलंय, प्रोजेक्ट नसलेली माणसं बेंचवर बसून आहेत, हे मला कळतं, मी काही लहान नाही. त्या मॅडमसुद्धा वरून आलेलंच विचारत असतील. तुम्हाला माणसं नको असतील तर नको म्हणा. आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडायचं असलं तरी चार मोठी माणसं घरी येतात, चहा घेत नाहीत, पण समोर बसून सांगतात की आमचं जमत नाही, आणि साखरपुड्यातलं दिलं-घेतलं परत होतं. अंगठी परत, साडी परत. रडारड होते, पण दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी मोकळी असते, दुसरं स्थळ बघू शकते. तुम्ही आम्हाला मोडलंही म्हणत नाही आणि करूनही घेत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच पाहिजे असं आहे. चांगलं आहे. फक्त आम्ही कामगार होण्याच्या आधीच्या खोलीत बसवलेलो आहोत, तिथे कोणताच कोड पोचत नाही. म्हणून सरकारकडे नाही, आधी तुमच्याकडेच मागतेय. मागण्या या आहेत,

ज्यांना ज्यांना ऑफर दिलीय त्यांना ३१ मार्चपर्यंत एकतर पक्की तारीख लेखी द्या, टेंटेटिव्ह नको, नाहीतर स्पष्ट नकार द्या. नकार आला तरी मी धन्यवाद म्हणेन, खरंच.

दिलेल्या तारखेपेक्षा तीन महिन्यांच्या वर उशीर झाला तर जॉइन होईपर्यंत निम्मा पगार तरी द्या. आणि उशीर तुमच्यामुळे झाला असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे इंटरव्ह्यूत आम्हाला तोंड राहील.

बाँडमध्ये तुमच्या बाजूचं कलम घाला. सहा महिन्यांच्या वर लटकवलं तर बाँड आपोआप रद्द, पप्पांच्या सहीचे मूळ कागद पोस्टाने परत.

वाट बघण्याच्या काळात दुसरीकडे काम केलं, पीएफ कापला गेला, तर त्याचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये भांडवल करू नका. पोट आहे ना.

लग्नाचा प्रश्न विचारायचं बंद करा. विचारायचाच असेल तर पोरांनापण विचारा, आणि 'नोट' केलेलं नंतर कशासाठी वापरता ते सांगा.

जॉइनिंगची तारीख नेमकी लग्नाच्या आठवड्यात आली तर पुढच्या बॅचला यायची सोय ठेवा. पहिले तीन महिने सुट्टी नाही असा तुमचा नियम आहे, तो मी पाळीन, पण हळदीच्या अंगाने मला ट्रेनिंगला यायला लावू नका.

आणि एक मागणी तुमच्याकडे नाही तर कॉलेजांच्या टीपीओ लोकांकडे, तेही हे वाचतील म्हणून. एक विद्यार्थी एक ऑफर ठीक आहे, सगळ्यांना संधी मिळावी म्हणून केलंय, पण सहा महिन्यांत ज्याचं जॉइनिंग झालं नाही त्याला परत बसू द्या. त्याला पासआउट म्हणून गेटवर अडवू नका.

आता तारखेचं. दोन्ही घरांनी मिळून लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धरलंय. यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना, त्यात लग्न होत नाही. त्याच्यानंतर जेमतेम सव्वा महिना, २५ जुलैला आषाढी, मग चातुर्मास. म्हणजे हे दिवस गेले की पाऊस आणि पेरणीच्या धांदलीत कार्यालय शोधायचं नाहीतर थेट पुढची तुळस. पप्पा म्हणाले आता कंपनीसाठी थांबायचं नाही. सासूबाई म्हणाल्या नोकरीचं होईल गं, लग्नानंतरपण होतं. चांगल्या मनाने म्हणाल्या, पण त्या वाक्याला मी का घाबरते हे माझ्या वयाच्या मुलींना सांगायला नको. लग्नानंतर बऱ्याच गोष्टी होतात, नोकरी त्यात मागे-मागे जात राहते. आमचे हे (व्हायचे आहेत अजून) म्हणतात मी आहे ना. ते आहेत, पण मी पण आहे ना.

तर पत्रिका छापायला टाकायचीय. आमच्याकडे पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आणि मुलीच्या नावाखाली कंसात शिक्षण आणि नोकरी छापतात. त्याच्या नावाखाली तयार आहे, क्वालिटी इंजिनिअर, चाकण. माझ्या नावाच्या आधी चि. सौ. कां. आहे, खाली बी.टेक. कॉम्प्युटर आहे, आणि स्वल्पविराम देऊन पुढे जागा मोकळी सोडलीय. प्रेसवाले काका दोन वेळा विचारून गेले की ताई स्वल्पविराम ठेवू का काढू. त्यांना मी सोमवारपर्यंत सांगते म्हटलंय. माझा कँडिडेट आयडी तुमच्याकडे आहेच.

आपली,
२०२४ बॅचची एक कँडिडेट, तासगाव